समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर सुशी

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला आम्ही एका नव्या कॅफेत गेलो होतो. मेनूकार्डावर पास्ता आणि डिमसम यांच्या शेजारी सुशीचं अख्खं पान होतं. मुलीला सॅमनची सुशी हवी होती. सासूबाई म्हणाल्या, ‘कच्चा मासा? आणि तोही नागपुरात?’ शेवटी नूडल्स खाऊन घरी आलो. समुद्र इतका लांब असलेल्या गावात सुशी खावी की नाही?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे आणि मुलीची हौसही. दोघींचंही समाधान होईल असं उत्तर आहे, फक्त ते ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागणारं नाही.

पहिली गोष्ट, सुशी म्हटलं की कच्चा मासा असलाच पाहिजे असं मुळीच नाही. सुशीत महत्त्वाचा असतो तो भात. आखूड दाण्याचा, शिजल्यावर चिकटणारा तांदूळ घ्यायचा आणि भात गरम असतानाच त्यात व्हिनेगर, साखर, मीठ मुरवायचं. त्यावर काकडी ठेवा, अंड्याची गोडसर वडी ठेवा, तळलेली कोळंबी ठेवा किंवा मासा ठेवा, ती सुशीच. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप असतील तर ती साशिमी.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सुशीचा उगम ताज्या फडफडीत समुद्री मासळीत नाही, मासा टिकवण्याच्या खटपटीत आहे. गोड्या पाण्यातला मासा साफ करून मिठात घालायचा, मग शिजवलेल्या भातात थरावर थर लावून वजनाखाली महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा. भात आंबायचा आणि त्या आंबटपणामुळे मासा नासायचा नाही. जपानमधल्या बिवा सरोवराच्या काठी आजही ‘फुनाझुशी’ याच रीतीने करतात. वास इतका उग्र की अनेक जपानी माणसंही ती खायला धजत नाहीत. क्योटो ही हजारभर वर्षं जपानची राजधानी होती, पण तिला समुद्र नाही. उत्तरेच्या ओबामा बंदरावरून बांगड्याच्या जातीचा साबा मासा मीठ लावून माणसांच्या पाठीवर, डोंगरवाटांनी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर चालत यायचा. क्योटोला पोचेपर्यंत मीठ बरोबर मुरलेलं असायचं. त्याची भातावर दाबून केलेली सुशी हा क्योटोचा सणासुदीचा पदार्थ झाला, आणि त्या वाटेला आजही ‘साबाची वाट’ म्हणतात. हाताने वळलेल्या भाताच्या मुटक्यावर मासा ठेवायची पद्धत त्या मानाने फार अलीकडची. १८२०च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, ती रुळली. तिचं श्रेय बहुधा हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. त्या सुशीवरचा मासाही बहुतेक वेळा व्हिनेगरमध्ये बुडवलेला, सोया सॉसमध्ये मुरवलेला किंवा उकडलेला असे, कारण बर्फ नव्हता. कच्च्या माशाची सुशी घरोघर, गावोगाव पोचली ती फ्रीज आल्यावर.

तुमच्या मुलीने मागितलेला सॅमन तर या पंगतीत सगळ्यांत शेवटी आला. जपानी लोक सॅमन शतकानुशतकं खात आले, पण खारवून आणि भाजून. त्यांच्या समुद्रातल्या जंगली सॅमनमध्ये कृमी असतात, त्यामुळे तो कच्चा खायची प्रथाच नव्हती. १९८०च्या दशकात नॉर्वेला आपला मत्स्यशेतीतला सॅमन खपवायचा होता. त्यांनी जपानमध्ये चिकाटीने मोहीम चालवली आणि त्यानंतर सॅमन सुशीवर चढला. ठरावीक खाद्यावर पिंजऱ्यांत वाढवलेल्या या माशात कृमींचा धोका खूपच कमी असतो.

म्हणून खरा प्रश्न समुद्र किती लांब आहे हा नाही. मुंबईत ताजमहाल पॅलेसमध्ये २००४पासून ‘वसाबी बाय मोरिमोतो’ हे जपानी रेस्टॉरंट आहे. बाहेर गेटवे आणि अरबी समुद्र, तरी अशा स्वयंपाकघरांतला सुशीचा मासा समोरच्या पाण्यातला नसतो, तो बहुतांशी परदेशातून विमानाने येतो. नागपूरला त्यापुढे आणखी एक टप्पा पडतो, इतकंच. त्या टप्प्यात थंडावा तुटला का, हे बघायचं.

कृमी मारायला गोठवणं हा खात्रीचा उपाय आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक असा : मासा उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवावा, किंवा उणे ३५ला गोठवून १५ तास. घरच्या फ्रीजरवर यासाठी विसंबू नये, त्याचं दार दिवसातून दहा वेळा उघडतं. हेही ध्यानात ठेवा की गोठवल्याने कृमी मरतात, जिवाणू मरत नाहीत, ते फक्त थांबून राहतात. वितळलेला मासा दुपारभर ओट्यावर राहिला की ते पुन्हा वाढायला लागतात. ट्यूनाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. तो नीट गार ठेवला नाही तर त्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, तोंडात चुणचुण होते, डोकं दुखतं, आणि मासा शिजवला तरी ते नाहीसं होत नाही. ‘सुशी ग्रेड’ या पाटीवरही जाऊ नका. ती विक्रेत्याने लावलेली असते, कायद्याने ठरवलेली प्रत नव्हे.

मग हॉटेलात बसल्यावर काय करायचं? सरळ विचारायचं. मासा कुठून येतो, कोणत्या वारी येतो, गोठवलेला येतो का, आज वितळवलाय की काल. विचारण्यात काही गैर नाही. जिथे सुशी करणारा माणूस आहे तिथे तो आनंदाने सांगतो, कारण त्याचा दिवस याच हिशेबात जातो. जिथे वेटर ‘एकदम फ्रेश आहे सर’ यापलीकडे काही सांगू शकत नाही तिथे शिजवलेलं मागवा.

आणि भात बघा. माशाविषयी लोक खूप विचारतात, भाताविषयी कुणी विचारत नाही, पण स्वयंपाकघराची खरी परीक्षा भातातच होते. चांगल्या सुशीचा भात अंगाइतका कोमट असतो. तुकडा उचलला तर अखंड राहतो, जिभेवर ठेवला तर दाणा दाणा सुटतो आणि आंबटगोड चव मागाहून येते. तो गार आणि कडक लागला, मध्ये टोचला, तर समजावं की सुशी आधीच करून फ्रीजमध्ये ठेवली होती. फ्रीजमध्ये भातातलं पिष्ट आखडतं आणि दाणा वातड होतो. भात मऊ आहे पण आंबट अजिबात नाही, तर ते जास्त काळजीचं. शिजलेला भात नुसता बाहेर राहिला तर त्यात पोट बिघडवणारे जिवाणू वाढतात. व्हिनेगरचा आंबटपणा त्यांना आवरतो, म्हणून तर सुशीचा भात काही तास बाहेर ठेवता येतो. चवीसाठी म्हणून व्हिनेगर कमी करणारं स्वयंपाकघर ही राखणच काढून टाकतं. बाहेर लावलेलं नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचं काळपट हिरवं पान, दाताखाली कुरकुरायला हवं. गुंडाळी केल्यावर काही मिनिटांतच ते ओलं होऊन चिवट व्हायला लागतं, त्यामुळे वाट बघत राहिलेली गुंडाळी लगेच कळते.

थंडावा तुटू नये म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : कच्च्या माशाची सुशी घरी मागवू नका, उन्हाळ्यात तर नकोच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर असतो आणि डिलिव्हरीची पेटी दुचाकीच्या मागे उन्हात तापत येते. काकडीची किंवा तळलेल्या कोळंबीची गुंडाळी मागवलीत तर फार तर नोरी चिवट होईल.

आणखी एक इशारा. इथे चांगला सॅमन मिळत नाही म्हणून रोहू-कटल्याची सुशी करून पाहावी, असं हौशी मंडळींच्या मनात येतं. भंडारा-गोंदियाच्या तलावांतला, ढिवरांनी पहाटे काढलेला मासा कितीही ताजा असला तरी कच्चा खाऊ नये. गोड्या पाण्यातल्या माशांत असे कृमी असू शकतात जे माणसाच्या यकृतात घर करतात. कितावोजी रोसांजिन हा जपानचा थोर कुंभार-कलावंत आणि नावाजलेला खवय्या १९५९ साली वारला, तो यकृतातल्या अशाच कृमींच्या आजाराने. आपला रोहू आपल्या रश्श्यातच शोभतो.

तेव्हा मुलीला घेऊन पुन्हा जा. पहिल्या खेपेला तळलेल्या कोळंबीची, अंड्याची, भाजलेल्या ईलची सुशी घ्या. सॅमन त्याच ठिकाणी घ्या जिथे तो रोज खपतो, आणि तोही शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी, गर्दीत. आठवड्याच्या मधल्या ओस दुपारी नको. घरात कुणी गरोदर असेल, सासूबाईंचं वय झालेलं असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्यांच्यासाठी मात्र सगळं शिजवलेलंच.

प्रश्न : नागपूरचा जपानशी इतका जवळचा संबंध. इंदोऱ्याला भंते सुरेई ससाई, आमच्याकडे ड्रॅगन पॅलेस. जपानी पाहुणे येतात-जातात. मग नागपुरात जपानी खाणं इतक्या उशिरा का आलं?
— एक वाचक, कामठी

उत्तर : हा प्रश्न माझ्याही मनात घर करून आहे. संबंध तर तुम्ही सांगता त्याहून जुना आहे. निप्पोन्झान म्योहोजी या पंथाचे गुरू निचिदात्सू फुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांचे भिक्षू पुढे गांधीजींच्या आश्रमात राहिले. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्यांच्या जपानी मंत्राने होते. महायुद्धात जपान उतरल्यावर इंग्रज सरकारने आश्रमातल्या जपानी भिक्षूला पकडून नेलं. नंतर १९६०च्या दशकात ओकायामा प्रांतात जन्मलेले भंते ससाई नागपुरात आले, बाबासाहेबांच्या दीक्षाभूमीचं काम त्यांनी आपलं मानलं आणि भारताचं नागरिकत्वही घेतलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार १९९९मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या साह्याने उभं राहिलं. नव्वद वर्षांहून जुना असा हा धागा आहे.

पण भिक्षूंच्या मागोमाग खानावळी येत नाहीत. भिक्षू जिथे जातो तिथलं अन्न घेतो. परक्या देशात खानावळ निघते ती पगारदारांसाठी. घर सोडून तीन-चार वर्षांसाठी आलेला, संध्याकाळी मिसो सूपाच्या वाटीसाठी जीव तुटणारा नोकरदार लागतो. जपानी कंपन्यांची माणसं गुरुग्राममध्ये आली, राजस्थानात नीमराण्याला जपानी कारखान्यांसाठी वेगळी वसाहत झाली, चेन्नईच्या आसपास कारखाने आले, आणि तिथे जपानी माणसांसाठी जपानी हॉटेलं निघाली. पुण्या-चाकणच्या पट्ट्यातही तेच झालं. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, म्हणजे भंते ससाईंच्याच प्रांताची आठवण तिथेही आहे. नागपुरात मिहान हा उद्योग-प्रकल्प झाला, पण जपानी कुटुंबांची तशी वस्ती झाली नाही. त्यामुळे इथे जपानी खाणं जपान्यांच्या हातून आलं नाही. ते मुंबई-पुण्याला शिकून परतलेल्या मुलांच्या आवडीतून, आणि धरमपेठ, सदर, रामदासपेठेतल्या कॅफे-बिस्ट्रोंच्या मेनूतून आलं. चिनी, थाई, कोरियन पदार्थांच्या रांगेतलं एक पान, हे त्याचं रूप. पाटीवर ‘बिस्ट्रो’ लिहिलं असलं की इतकंच समजायचं : जागा छोटी, बसायला निवांत, पदार्थ चार देशांचे.

मला मनापासून वाटतं की नागपुरात कुणी फक्त जपानी खानावळ काढणार असेल तर त्याने सुशीपासून सुरुवात करू नये, करी-भातापासून करावी. जपानी माणूस आठवड्यातून एकदा तरी करी-भात खातो म्हणा ना, इतका तो त्यांचा घरचा पदार्थ आहे. मेजी सम्राटाच्या काळात इंग्रजांकडून तो मैद्याने दाट केलेला, गोडसर असा पोचला. त्यात एका हिंदुस्थानी माणसाने हस्तक्षेप केला, त्याची गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली इंग्रजांना चकवून जपानला गेले. त्यांना हाकलून देण्याचा हुकूम निघाला तेव्हा टोकियोतल्या शिंजुकू भागातल्या ‘नाकामुराया’ या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना लपवलं. पुढे सोमांच्या मुलीशी, तोशिकोशी, त्यांचं लग्न झालं. १९२५ साली ती गेली. दोन वर्षांनी, १९२७मध्ये, नाकामुरायाने उपाहारगृह काढलं तेव्हा बोसांनी तिथे खरी हिंदुस्थानी करी ठेवायला लावली. हाडासकट कोंबडी, मसाले, दही, मैद्याचा लगदा नाही. किंमत नेहमीच्या करीहून कितीतरी जास्त, तरी लोक रांगा लावत. ते दुकान आणि ती करी शिंजुकूत अजून आहे.

सावजी रश्श्यावर वाढलेल्या जिभेला जपानी करी सौम्य वाटेल, हे कबूल. पण रस्सा-भात हे आपलं रोजचं जेवण आहे. ते समजायला चॉपस्टिक लागत नाहीत, कच्च्या माशाची भीती नाही, आणि वर कुरकुरीत तळलेला कोंबडीचा काप आला की पोरं ताट चाटूनपुसून खातात. त्याच्या जोडीला उदोन आणि रामेन या नूडल्स. बारा महिने चालेल असं हे खाणं आहे.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, घरी अंडंही चालत नाही. जपानी हॉटेलात आमच्यासाठी काही असतं का? की नुसती काकडी?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : असतं, पण एका गोष्टीचा नीट बंदोबस्त करूनच जेवायला बसा. ती गोष्ट म्हणजे दाशी. जपानी स्वयंपाकाचं हे मूळ पाणी. ते बहुधा दोन वस्तूंनी करतात : कोंबू नावाचं जाड समुद्री शेवाळ, आणि धुरी देऊन लाकडासारखा वाळवलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप. मिसो सूप, उदोनचं पाणी, टेम्पुराची चटणी, तळलेल्या टोफूवरचा रस, या सगळ्यांत दाशी असते. टोफूच्या गोड पिशवीत भात भरलेली इनारी सुशी दिसायला अगदी शाकाहारी, पण ती पिशवीही दाशीत शिजवलेली असू शकते. वाटीत मासा दिसत नाही म्हणून वाढणारा माणूस खुशाल ‘व्हेज’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला ठाऊक नसतं. म्हणून ‘व्हेज आहे का’ असं न विचारता ‘दाशी कशाची’ असं विचारा. नुसत्या कोंबूची किंवा सुक्या शिताके मशरूमची दाशी करता येते आणि ती तितकीच चवदार होते. १९०८ साली किकुनाए इकेदा या टोकियोच्या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूच्या पाण्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढलं, आणि त्यातून पुढे अजिनोमोटो आलं.

टेम्पुराच्या पिठात अंडं असतं, ते वगळून करायला सांगता येतं. तेल मात्र कोळंबी तळलेलंच असतं का तेही विचारा. मेयोनेज अंड्याचं की बिनअंड्याचं हे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लगेच सांगतात. ‘क्रॅब स्टिक’ नावाची गुलाबी-पांढरी कांडी माशाच्या लगद्याची असते. मिरीन आणि साके यांत मद्य असतं, ते वर्ज्य असेल तर तसं सांगावं. मागवण्याजोगं बरंच आहे : काकडी, अवाकाडो, शतावरी यांच्या गुंडाळ्या, कोबीचं सारण भरलेले ग्योझा, मीठ लावून उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, मिसो लावून भाजलेली वांगी. शेवटच्या पदार्थासाठी मी कधीही जायला तयार असते.

जपानमध्ये झेन मठांची संपूर्ण शाकाहारी पाकशैलीच आहे, शोजिन र्‍योरी. तीत मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. जैन वाचकांना हे ऐकून बरं वाटेल, पण थांबा : कमळकाकडी, मुळा, गाजर अशी कंदमुळं तीत भरपूर असतात. आणि जाता जाता, विदर्भ हा सोयाबीनचा मुलूख आहे. वाशीमपासून अमरावती-यवतमाळपर्यंत खरिपात शेतंच्या शेतं सोयाबीनची असतात, आणि जवळजवळ सगळं पीक तेलाच्या घाण्याकडे आणि पेंडीकडे जातं. त्याच दाण्याचा सकाळी केलेला, दुपारी खाल्लेला ताजा टोफू नागपूरच्या हॉटेलांनी ताटात वाढायला हवा. तो करायला ना समुद्र लागतो, ना विमान.

प्रश्न : ताटात हिरवा गोळा आणि गुलाबी आलं देतात, त्याचं काय करायचं? चॉपस्टिक धरता येत नाहीत तर हाताने खाल्लं तर चालतं का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : सुशी हाताने खुशाल खा, जपानमध्येही खातात. साशिमीला मात्र चॉपस्टिक घ्या, आणि जमत नसेल तर काटा मागा. सोया सॉसमध्ये मासा टेकवायचा, भात नाही. भात बुडवला तर तो फुटतो आणि खारट होतो. आलं हे दोन घासांच्या मध्ये जीभ साफ करायला असतं, सुशीवर ठेवून खायचं नसतं. हिरवा गोळा, म्हणजे वसाबी, जपून घ्या. आपल्याकडे जो मिळतो तो बहुतेक हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचा असतो. झुळझुळ वाहत्या थंड पाण्यात वाढणारी खरी वसाबी किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिचा झणका उडून जातो, म्हणून ती जेवणाऱ्यासमोरच किसतात आणि ती महागही असते. दोन्हींचा तिखटपणा मिरचीसारखा जिभेवर बसत नाही, नाकात चढतो आणि लगेच उतरतो. चढलाच तर पाणी पिऊ नका, नाकाने हळू श्वास सोडा. भाताच्या वाटीत चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवू नका, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. या दोन्ही रीती तिकडे मृतासाठी असतात.